मोडीचा भाव

दसरा झाला की पुण्यात घरोघरचे माळे खाली उतरतात. कोथरूडमधल्या एका घरात त्या वर्षी माळ्यापाठोपाठ स्वयंपाकघरही रिकामं झालं. मृणालने रविवारी दुपारी एकेक फळी उपसली आणि दिवेलागणीपर्यंत दारात तीन गोण्या उभ्या केल्या. डबे, बरण्या, झाकणं, गाळणी, फ्रिजमधल्या बाटल्या, धुऊन ठेवलेले आइस्क्रीमचे डबे, संक्रांतीच्या वाणात आलेल्या परड्या, प्लास्टिक म्हणून जे जे होतं ते सगळं.

तिने असं करायला कारण होतं. ती रोज ऑफिसला प्लास्टिकच्या डब्यात आमटी-भाजी न्यायची. सकाळच्या घाईत ती गरम गरमच भरली जायची. डब्याच्या कोपऱ्यांत पिवळा डाग बसला होता आणि तो कशानेही निघत नव्हता. आठवड्यापूर्वी ऑफिसात आहारावर एक व्याख्यान झालं, तेव्हा तिला त्या डागाचा अर्थ कळला. हळदीचा रंग तेलात विरघळतो आणि तेलाबरोबर प्लास्टिकच्या अंगात शिरतो, म्हणून घासून उपयोग नसतो. वक्त्या बाईंनी २०२० सालचं एक संशोधनही सांगितलं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या संशोधकांनी बाळांच्या दुधाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या तपासल्या. गरम पाणी घालून हलवल्यावर त्यांतून प्लास्टिकचे लक्षावधी सूक्ष्म कण पाण्यात उतरले, आणि पाणी जितकं जास्त गरम तितके ते वाढत गेले. त्या रात्री मृणालने आपला डबा पालथा करून पाहिला. तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा होता. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. अशाच डब्यातून तिची बारा वर्षांची मुलगी शाळेत पोळी-भाजी नेत होती.

अशा वेळी आईच्या मनात जे होतं ते तिच्याही झालं. तिला दोष देता येणार नाही.

सासूबाई, म्हणजे माई, गोण्यांकडे बघत बराच वेळ उभ्या होत्या. "अगं, यातले कितीतरी डबे धडधाकट आहेत."

"असू देत माई. मला घरात एकही नको."

माई काही बोलल्या नाहीत. पण जेवताना त्यांचं लक्ष पानात नव्हतं.

सोमवारी सकाळी कचरा घ्यायला छबूताई आल्या. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्याआधीपासून त्या आईबरोबर उकिरडे चाळायच्या. आता त्या ओळखपत्र आणि ढकलगाडी घेऊन घरोघरचा कचरा गोळा करतात. गोण्यांची तोंडं उघडून त्यांनी आत पाहिलं, मग जिन्यापाशी फतकल मारून बसल्या आणि सगळं बाहेर काढायला लागल्या.

"ताई, घर सोडताय का काय?"

"नाही हो. प्लास्टिक बंद केलंय. घेऊन जा सगळं, तुम्हाला भाव तरी मिळेल."

"समद्याला कुठला भाव." छबूताईंचे हात भराभर चालले होते. एकीकडे पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, जाड बुडाचे डबे. दुसरीकडे वेफर्सची आणि फरसाणाची आतून चकचकीत पाकिटं, थर्माकोलचा तुकडा, रबर आणि प्लास्टिक एकमेकांत चिकटवलेली झाकणं. "ह्या ढिगाला कुणी इचारत न्हाई. पाकिटात दोन-तीन थर एकाला एक चिकटवल्यालं असत्यात, ते सुटं करायचं कुणी? ह्ये सरळ डेपोत." मग त्यांनी तिसरा ढीग केला. त्यात घट्ट झाकणांच्या बरण्या होत्या, रवा-पोह्यांचे मोठे डबे होते, तांदूळ मोजायचं मापटं होतं. "आन् ह्यो तर कचराच न्हाई. ह्ये कशापायी टाकताय?"

"वितळवून नवीन करतील की."

"करत्यात. पर डब्याचा फिरून डबा हुईल आसं न्हाई. बादली हुती, मंग कुंडी, मंग काळी पिशवी. दर खेपेला खालीच उतरतं. मंग एक दिस आमच्याबी कामाचं ऱ्हात न्हाई." त्यांनी हाताजवळचा वाकलेला स्टीलचा डाव उचलला, तो चुकून गोणीत गेला होता. "ह्येचं तसं न्हाई. कवाबी वितळवा, स्टीलच."

पुण्यामुंबईत प्लास्टिकवर पुष्कळ भाषणं होतात. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्र सरकारने पिशव्या, थर्माकोलची ताटं, एकदाच वापरायचे पेले यांवर बंदीची अधिसूचना काढली, तेव्हाही झाली. पण वस्तूचा शेवट काय होतो, हे जिच्या हातून तो शेवट जातो तिला कुणी फारसं विचारत नाही. मला वाटतं, भांडं घेताना दुकानदाराआधी भंगार वेचणाऱ्या बाईला विचारावं. तिच्याकडे दहा मिनिटांत जे कळतं ते वेष्टनावर छापलेलं नसतं.

मृणालने चहा आणला. दाराबाहेरच्या माणसांसाठी खिडकीत एक कप वेगळा ठेवलेला असे, टवका उडालेला, निळ्या फुलांचा. छबूताईंना वर्षानुवर्षं त्यातूनच चहा मिळत होता. आज त्यांनी तो रिकामा करून बोटाने टिचकी मारली.

"ह्यो बी त्यातलाच की, ताई."

"कप? छे, तो चिनी मातीचा आहे ना?"

"मेलामाइन. भंगारवाला हातात घेत न्हाई ह्येला. आग लावली तर करपतं, पर वितळत न्हाई."

मृणाल आत गेली आणि कपाटात जपून ठेवलेला बारा जणांचा जेवणाचा संच बघत राहिली. तोही त्याच जातीचा निघाला. पाहुणे आले की याच वाडग्यांतून वाफाळती आमटी वाढली जायची, आणि शिळी भाजी याच वाडग्यातून मायक्रोवेव्हमध्ये जायची. मेलामाइन एकदा साच्यात घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, हे खरं. पण तापलं आणि त्यात आंबट पदार्थ असला की त्यातून मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइडचा अंश अन्नात उतरतो. म्हणून मायक्रोवेव्हमध्ये ते ठेवू नये असं सांगतात. रव्याचा कोरडा डबा तिने दारात ठेवला होता आणि हे कपाटात.

त्या दिवसापासून खिडकीतला कप गेला. दुसऱ्या दिवशी छबूताईंना चहा घरातल्यांच्या स्टीलच्या पेल्यात आला. यावर कुणी काही बोललं नाही, पण व्हायला हवं होतं ते झालं. कुठल्या माणसाला कुठल्या भांड्यात द्यायचं हेही आपल्या घरांनी फार पूर्वी ठरवून ठेवलंय, आणि भांड्यांचा विचार करायचाच तर तोही करायला हवा.

त्या सोमवारी तिसरा ढीग छबूताईंनी परत आत लोटला तेव्हा माई दाराशी येऊन बसल्या होत्या. त्यांना कालपासून जे सांगायचं होतं ते त्या दोघींना मिळून सांगायला लागल्या.

"माझ्या लग्नात आईने पितळेची भांडी दिली होती. घंगाळ, हंडा, कळशी, तपेली, पोह्यांचे डबे. प्रत्येकावर तिने माझं नाव घालून घेतलं होतं, हाताने एकेक टिंब ठोकून. सत्तरीच्या दशकात स्टील आलं. आमच्या वाड्यात एकीने घेतलं, मग सगळ्यांनीच. ना कल्हई, ना चिंच लावून घासणं. मी सगळं पितळ रविवार पेठेत मोडीत दिलं. दुकानदाराने नावाकडे बघितलंसुद्धा नाही, तराजूत टाकलं. त्या पैशांत स्टीलचे डबे आले. मला किती आनंद झाला होता! मग पंधरा-वीस वर्षांनी मीच जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून हे रंगीत टब आणि डबे घेतले. आता तू हे काढतेस. दर वेळी आपण अख्खं स्वयंपाकघर मोडीत काढतो गं."

छबूताई ऐकत होत्या. त्यांचं गाव बार्शीकडचं. "आमचा हंडा बी मोडीतच गेला, आजी. बहात्तरच्या दुष्काळात. माझ्या आईकडं तेवढंच पितळ हुतं. त्यो इकून जे आलं त्यावर आम्ही काही दिस काढलं, आन् मंग पुण्याला आलो."

एकाच दशकातली ही दोन पितळं. एक हौसेने तराजूत गेलं, एक पोटासाठी. गरिबाच्या घरी हंडा ही अडीनडीची ठेव असायची, आणि त्या ठेवीने खरोखर माणसं जगवली. मृणालला वाटलं, आता छबूताई प्लास्टिकला नावं ठेवतील. पण त्यांनी उलटंच सांगितलं.

"पर नंतर गावाकडं प्लास्टिकच्या घागरी आल्या ना, तवा माझी मावशी रडली हुती. सुखानं. पितळेचा हंडा रिकामाच जड, भरल्यावर मान मोडायची. दोन दोन कोस चालायचं. प्लास्टिकनं बायांच्या मानंवरचं वझं उतरवलं. त्येला शिव्या देऊ नगा."

मृणालने ऐकून घेतलं, पण निश्चय सोडला नाही. तिच्या डोक्यात आता पितळ भरलं होतं. शनिवारी ती कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेली. पेशवाईपासून तिथे तांब्या-पितळेवर ठोके पडत आले आहेत. एका दुकानातून तिने दोन पितळी पातेली आणि एक तपेलं घेतलं. सोन्यासारखी झळकत होती.

दुकानातले वयस्कर कारागीर म्हणाले, "ताई, ठेवून जा. कल्हई करून देतो, परवा न्या."

"नको, आतून असंच छान दिसतंय."

"दिसतं छान. पण दूध-ताक, आंबट काही घालू नका तोवर."

शेवटचं वाक्य तिच्या कानावरून गेलं. रविवारी तिने त्याच पातेल्यात ताक घुसळलं आणि कढी केली. दुपारच्या जेवणाला थोडा उशीर झाला, कढी तशीच पातेल्यात राहिली. पहिल्या घोटाला मुलीने तोंड वाकडं केलं. कढी कळकली होती. जिभेला तुरट, हिरवट, धातूची चव. माईंनी तिथल्या तिथे सगळ्यांच्या वाट्या उचलल्या आणि पातेलं मोरीत पालथं केलं. तरी ज्यांनी दोन घोट घेतले होते त्यांना संध्याकाळपर्यंत मळमळत होतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ताकातलं आम्ल तांब्याला खातं, तांब्याचे क्षार अन्नात उतरतात आणि पोट ते ठेवून घेत नाही.

प्लास्टिकच्या डब्याने इतक्या दिवसांत त्या घरात कुणाला असं तातडीने आजारी पाडलं नव्हतं. याचा अर्थ प्लास्टिक निर्दोष असा नाही. त्याचं करणं सावकाश असतं, म्हणून ते दिसत नाही, एवढंच. पण जुनं ते सगळं निर्मळ असं मानणाऱ्यालाही कढीने उत्तर दिलं होतं.

मृणाल रडवेली झाली. "माई, तुमच्या वेळी सगळं पितळेतच करत होते ना?"

"कोण म्हणालं?" माई ओट्याशी स्टुलावर बसल्या. "माझ्या आईकडे ताक चिनी मातीच्या सटात असायचं. विरजणही त्यातच. मीठ दगडीत. लोणचं बरणीत, वर दादरा बांधून. आमटीचं पातेलं कल्हईचं, आणि कल्हई उडाली की त्यात नुसतं पाणी तापवायचं. भाकरीला लोखंडी तवा. पापड-कुरडया पत्र्याच्या डब्यात. ताक घुसळायला लाकडी रवी. एकाच जिनसाचं स्वयंपाकघर तिने कधी ठेवलंच नाही. ते आम्ही केलं. सगळं स्टील, मग सगळं प्लास्टिक. आता तू सगळं पितळ करायला निघालीस."

मृणाल ऐकत राहिली. डबा हातात घेऊन त्यात काय भरू असं ती आजवर विचारत आली होती. माईंच्या आईने मात्र पदार्थ हातात घेऊन, याला कशात ठेवू, असं विचारलं होतं. पदार्थ गरम आहे का, आंबट आहे का, खारट-तेलकट आहे का, आणि तो त्यात किती दिवस राहणार आहे.

हे कळायला रसायनशास्त्र शिकावं लागत नाही, पण रसायनशास्त्रही तेच सांगतं. उष्णता, आम्ल, मीठ, तेल आणि वेळ यांनीच भांड्यातलं पदार्थात उतरतं, मग भांडं कशाचंही असो. अॅल्युमिनियमच्या, म्हणजे जुन्या बायका ज्याला जर्मनचं म्हणत त्या पातेल्यात टोमॅटोचं सार शिजवलं तर तेही तिथलं थोडं घेऊन येतं. काच आणि चिनी माती यांतून फारसं काही उतरत नाही, मात्र भांडं फुटायची भीती. चांगलं स्टील बहुतेक सगळं सोसतं.

पुढचे आठ दिवस त्या घरात फार शांतपणे काम झालं. पातेली पुन्हा तांबट आळीत गेली. या वेळी मृणाल तिथेच थांबली. कारागिराने भट्टीवर पातेलं तापवलं, आत नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर उठला. मग कथलाची कांडी तापल्या पितळेला लावली. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे ते लगेच पाण्यासारखं पसरलं. कापसाच्या बोळ्याने त्यांनी दोन फिरक्या मारल्या आणि पिवळं पातेलं आतून चांदीसारखं पांढरं झालं. "वर्षा-दीड वर्षाने परत आणा. आतून पिवळं दिसायला लागलं की थांबू नका," ते म्हणाले.

लोणच्यासाठी माळ्यावरच्या दोन बरण्या खाली आल्या. मुलीच्या आणि मृणालच्या डब्यांच्या जागी स्टीलचे डबे आले. विरजण सटात गेलं. छबूताईंनी आत लोटलेला तिसरा ढीग फळीवर परत चढला. रवा, पोहे, साबुदाणा, डाळी, सगळं कोरडं आणि थंड. पावसाळ्यात पोहे मऊ पडू न देणारं झाकण ही प्लास्टिकची खरी करामत, ती नाकारण्यात शहाणपण नव्हतं. हे डबे फुटेपर्यंत वापरायचे, फुटले की त्यांच्या जागी दुसरं प्लास्टिक आणायचं नाही, असं ठरलं. मेलामाइनचा संच कुणालाच देता येण्यासारखा नव्हता. तो आता झाडांच्या कुंड्यांखाली आणि सुईदोऱ्याच्या कामाला लागला.

दिवाळी आली. चकल्या तळताना माईंनी सवयीने वर्तमानपत्र पसरलं, तर नातीने ते काढून घेतलं. छापील कागदात अन्न बांधायला किंवा ठेवायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी मनाई आहे, कारण शाई तेलाबरोबर पदार्थात उतरते, असं तिने शाळेत वाचलं होतं. मग मोठ्या परातीवर चाळण ठेवली आणि चकल्या तीत निथळल्या.

प्रश्न उरला फराळ वाटायचा. दर वर्षी पातळ प्लास्टिकच्या डब्या आणल्या जात, कारण त्या परत मागाव्या लागत नाहीत. माई म्हणाल्या, "तेच तर वाईट झालं. पूर्वी डबा गेला की परत यायचा, आणि रिकामा यायचा नाही. त्या निमित्ताने माणूस दारात यायचं. आता डबा जातो आणि संपतं."

मृणालने तुळशीबागेतून मध्यम आकाराचे स्टीलचे डबे आणले. दुकानदाराने विचारलं, "नाव काय घालू?" मशीन हातात होतं, विजेवर चालणारं, टर्रर करत क्षणात नाव कोरणारं. तिने माईंचं नाव सांगितलं. पहिला डबा शेजारी गेला, दुसरा वरच्या मजल्यावर, तिसरा ऑफिसातल्या मैत्रिणीकडे. एक छबूताईंच्या हातात दिला. चिवडा, चकली, दोन बेसनाचे लाडू.

छबूताईंनी डब्यावरून बोट फिरवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. "काय लिव्हलंय?"

"माईंचं नाव."

"मंग परत द्यायला पायजे."

भाऊबीज झाली, तुळशीचं लग्नही झालं, शेजारचे डबे आले, वरचे आले. ऑफिसातल्या मैत्रिणीने आणायचं विसरून दोनदा माफी मागितली. छबूताई रोज येत होत्या, पण डब्याचं नाव काढत नव्हत्या. मृणालने विचारलं नाही. एका सकाळी कचऱ्याची बादली रिकामी करून झाल्यावर त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं, पिशवीतून डबा काढला आणि मृणालच्या हातात न देता थेट माईंच्या पुढे धरला. डबा जड लागत होता.

"गावाकडनं भाऊ आला हुता. नव्या शेंगा आणल्या त्यानं. धपाटं हायेत, आन् वर शेंगांची चटणी." मग त्या थोड्या थांबल्या. "खाणार का, आजी?"

दारात छबूताई उभ्या होत्या, आत मृणाल. माईंच्या आयुष्यात त्या दाराने छबूताईंसारख्यांपर्यंत आजवर एकाच दिशेने अन्न जाताना पाहिलं होतं.

माईंनी डबा मांडीवर घेतला, झाकण काढलं आणि धपाट्याचा तुकडा मोडून चटणीला लावला. चावता चावता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लसूण किती घातलाय गं! मृणाल, दही आण सटातलं. आणि छबू, तू बस. तो भाऊ परत कधी येणार आहे? मला दोन पायली शेंगा हव्यात."